एक अबोल, एक धसमुसळा : एकाच घरातील दोन स्वभावांची सांगड

‘दोघांनाही अगदी सारखेच वाढवले, मग हा असा आणि ती तशी कशी?’ हा प्रश्न बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात, शाळेच्या पालकसभेत आणि संध्याकाळी सोसायटीच्या बाकांवर हमखास ऐकू येतो. थोरला मुलगा पाहुणे आले की पडद्याआड जातो. धाकटी त्याच पाहुण्यांच्या मांडीवर चढून त्यांचा मोबाइल मागते. एकाला जेवणाच्या ताटात भाजी आणि वरण एकमेकांना लागलेले चालत नाही, दुसरे पानात पडेल ते पाच मिनिटांत संपवून खेळायला पळते. आईवडील तेच, घर तेच, शाळाही तीच. तरीही एका मुलाच्या बाबतीत लागू पडलेला प्रत्येक उपाय दुसऱ्याच्या बाबतीत फसतो आणि पालकांना आपलेच काही चुकत असावे असे वाटू लागते.

या प्रश्नात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. पहिली, दोन्ही मुले सारखीच वाढवली गेली. दुसरी, सारखी वाढवली तर मुले सारखी निपजतात. गेल्या सहा-सात दशकांत बालमानसशास्त्रात जे संशोधन झाले, त्यासमोर ही दोन्ही गृहीतके टिकत नाहीत.

शहरी घरांत हा प्रश्न अधिक टोकदार होण्यामागे एक साधे कारण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील एकूण जननदर १.७ इतका आहे. म्हणजे बहुसंख्य घरांत एक किंवा दोनच मुले. वाड्यात किंवा चाळीत सख्खी-चुलत मिळून सात-आठ मुले एकत्र वाढत, तेव्हा एखादे अबोल, एखादे भांडकुदळ, एखादे रडवे अशी स्वभावांची वाटणी बऱ्याच जणांत होई. दोन मुलांच्या घरात तुलनेसाठी समोर एकच जण असतो. मग एकाला ‘शांत’ म्हटले की दुसरे आपोआप ‘दंगेखोर’ ठरते. एरवी चारचौघांत अगदी सर्वसाधारण वाटली असती अशी मुलेही घरात एकमेकांची विरुद्ध टोके होऊन बसतात.

पाळण्यात दिसणारे पाय

‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण बऱ्याच अंशी खरी आहे, असे आता म्हणता येते. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने १९५६ मध्ये न्यूयॉर्क येथे एक दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. शंभराहून अधिक मुलांचा तान्हेपणापासून मोठेपणापर्यंत त्यांनी मागोवा घेतला. त्या काळी मुलाच्या प्रत्येक वर्तनाचे खापर आईवर फोडण्याची पद्धत मानसशास्त्रातही रूढ होती. थॉमस आणि चेस यांना मात्र असे दिसले की, अवघ्या काही आठवड्यांच्या बाळांतही ठळक फरक असतात, आणि ते संगोपनाने निर्माण झालेले नसतात.

मूल किती हालचाल करते, त्याची भूक आणि झोप घड्याळाप्रमाणे येते की कधीही, नव्या माणसाकडे ते झेपावते की अंग चोरते, बदलाशी किती लवकर जुळवून घेते, आनंद किंवा राग किती जोरात व्यक्त करते, सदऱ्याच्या शिलाईने किंवा मिक्सरच्या आवाजाने अस्वस्थ होते का, चटकन लक्ष विचलित होते का, हाती घेतलेल्या गोष्टीला किती वेळ चिकटून राहते आणि एकंदर प्रसन्न असते की किरकिरे, अशा नऊ अंगांनी त्यांनी मुलांचे स्वभाव टिपले. त्यांच्या पाहणीतील सुमारे ४० टक्के मुले ‘सोपी’, सुमारे १० टक्के ‘अवघड’, तर १५ टक्के ‘हळूहळू रुळणारी’ होती. उरलेली ३५ टक्के कोणत्याच गटात नीट बसत नव्हती. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. कारण स्वभावांची वर्गवारी एकदा कानावर पडली की आपले मूल कोणत्या खणात टाकायचे याची पालकांना घाई होते.

हार्वर्ड विद्यापीठातील जेरोम केगन यांनी हाच धागा पुढे नेला. चार महिन्यांच्या बाळांना रंगीत खेळणी, अनोळखी आवाज आणि वास यांचा अनुभव देऊन त्यांनी प्रतिक्रिया नोंदवल्या. साधारण पाचातले एक बाळ हातपाय झाडून रडू लागे. अशा बाळांत पुढे बुजरेपणाचे प्रमाण अधिक आढळले. मात्र, त्यांतली बरीचशी मुले मोठेपणी टोकाची बुजरी राहिली नाहीत. पाय पाळण्यात दिसतात खरे, पण ते कोणत्या वाटेने जातील हे पाळण्यातच ठरत नाही.

थॉमस आणि चेस यांनी मांडलेली सर्वांत उपयोगी कल्पना वेगळीच आहे. कोणताही स्वभाव मुळात चांगला किंवा वाईट नसतो. मुलाचा स्वभाव आणि भोवतालच्या अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही, हे महत्त्वाचे. मध्यमवर्गीय कुटुंबांबरोबरच त्यांनी न्यूयॉर्कमधील प्वेर्तो रिको वंशाच्या कामगार कुटुंबांतील मुलेही अभ्यासली. या कुटुंबांत लहान मुलांनी अमुक वाजता झोपलेच पाहिजे असा दंडक नव्हता. त्यामुळे अनियमित झोपेची तक्रार घेऊन जवळपास कोणीच येत नसे. शाळा सुरू होऊन सकाळी वेळेवर उठणे भाग पडले, तेव्हा हीच मुले एकाएकी ‘समस्या’ ठरली. उलट, सतत धावपळ करणारे मूल मोकळे अंगण असलेल्या मध्यमवर्गीय घरांत खपून जाई. पण लहानशा घरात, दाटीवाटीने राहणाऱ्या आणि रस्ता धोक्याचा म्हणून मुलांना आत कोंडून ठेवणाऱ्या कुटुंबांत त्याच धावपळीची तक्रार होई. मूल बदललेले नव्हते, जागा वेगळी होती.

मुंबई-ठाण्यातील साडेचारशे चौरस फुटांच्या घरात राहणाऱ्या पालकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. खालच्या मजल्यावरून ‘तुमचा मुलगा उड्या मारतो’ अशी तक्रार येते, सोसायटीत चेंडू खेळण्यास मनाई असते आणि जिथे खेळायचे त्या जागेत गाड्या उभ्या असतात. हाच मुलगा सुटीत कोकणात किंवा देशावर आजोळी गेला की कोणाच्याही डोळ्यांवर येत नाही. संध्याकाळी त्याला अर्धा-पाऊण तास मनसोक्त पळू देणे हा लाड नव्हे. घरातील निम्मी भांडणे त्यानेच टळतात, असे अनेक घरांचा अनुभव सांगतो.

‘सारखेच’ वाढवले म्हणजे काय?

सख्ख्या भावंडांमध्ये सरासरी निम्मे जनुकीय साम्य असते, म्हणजेच फरकालाही तितकाच वाव असतो. पण केवळ जनुकांनी सगळे स्पष्ट होत नाही. रॉबर्ट प्लोमिन आणि डेनिस डॅनियल्स यांचा १९८७ मधील शोधनिबंध या क्षेत्रात गाजला. एकाच कुटुंबातील मुले एकमेकांपासून इतकी वेगळी का, हाच त्याचा विषय होता. त्यांच्या मांडणीचा गाभा असा : व्यक्तिमत्त्वावर परिस्थितीचा जो परिणाम होतो, तो प्रामुख्याने भावंडांच्या वाट्याला वेगवेगळ्या येणाऱ्या परिस्थितीचा असतो. बाहेरून एक दिसणारे घर आतून प्रत्येक मुलाला निराळे भेटते.

जरा विचार केला तर ते पटते. थोरल्याच्या वेळी आईवडील नवखे होते, भाड्याच्या घरात होते, कदाचित आजी जवळ होती. धाकटीच्या जन्मापर्यंत गृहकर्जाचे हप्ते सुरू झालेले, वडिलांना बढतीबरोबर फिरती लागलेली आणि आजी गावी परतलेली. शिवाय थोरल्याने काही वर्षे एकट्याचे राज्य उपभोगले. धाकटीला पहिल्या दिवसापासून घरात एक स्पर्धक आणि एक सवंगडी आयताच मिळाला. केंब्रिज येथे घराघरांत जाऊन भावंडांचे निरीक्षण करणाऱ्या ज्युडी डन यांनी दाखवून दिले की, अगदी दीड-दोन वर्षांची मुलेही आई आणि भावंड यांच्यात काय चालले आहे, याकडे बारकाईने लक्ष देतात. आपल्याला किती मिळाले, यापेक्षा त्याच्या तुलनेत किती मिळाले, हा हिशेब फार लवकर सुरू होतो.

येथे एक लोकप्रिय समजूत बाजूला सारावी लागेल. थोरले जबाबदार, धाकटे लाडावलेले, मधले दुर्लक्षित असे जन्मक्रमावरून स्वभाव सांगण्याची प्रथा आल्फ्रेड ॲडलर यांच्यापासून चालत आली आहे. २०१५ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतील वीस हजारांहून अधिक व्यक्तींच्या माहितीचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. बहिर्मुखता, भावनिक स्थैर्य, सौजन्य किंवा कर्तव्यदक्षता यांवर जन्मक्रमाचा परिणाम त्यात आढळला नाही. थोरले जबाबदार वाटते, कारण ते वयाने मोठे असते आणि ‘तू मोठा आहेस ना’ हे वाक्य त्याला दिवसातून दहा वेळा ऐकवले जाते. पाच वर्षांचे मूल धाकट्याच्या तुलनेत मोठे असते; एरवी ते पाच वर्षांचेच असते, याचा विसर घराला फार सहज पडतो.

गुणी मुलाची अडचण

स्वभावांतील फरक हा स्वतःहून धोक्याचा नसतो. धोका सुरू होतो तो त्या फरकाला नाव देण्यापासून. ‘आमचा हा हुशार, ती कलाकार’, ‘ही गुणी, हा उनाड’ अशी ओळख पाहुण्यांसमोर, मुलांच्या देखत करून दिली जाते. त्यात कौतुकच असते. पण मुले ते शब्दशः घेतात. भावंडे एकमेकांपासून वेगळी ओळख मिळवण्यासाठी मुद्दाम निराळ्या दिशा धरतात, असे फ्रान्सिस शाक्टर यांच्या १९७६ मधील अभ्यासात दिसले होते. पहिल्या दोन भावंडांत ही प्रवृत्ती सर्वाधिक होती. भाऊ ‘हुशार’ ठरला की बहिणीसाठी ती जागा भरलेली असते. मग अभ्यासात बरी असूनही ती ‘आपल्याला गणित जमत नाही’ असे सहजपणे म्हणू लागते आणि घर हसून मान डोलावते. इयत्ता दुसरीत असे हसण्यावारी गेलेले वाक्य दहावीनंतर शाखा निवडताना पुन्हा समोर येते.

मुलगा-मुलगी असा भेद आला की गुंता वाढतो. मुलीचा अबोलपणा ‘सोशिक’ म्हणून वाखाणला जातो, मुलाचा ‘बावळटपणा’ म्हणून. मुलाचा धसमुसळेपणा ‘मुलगाच तो’ म्हणून सोडून दिला जातो. तोच मुलीत असला की सासरची भीती घातली जाते. सासरची भीती पाच वर्षांच्या मुलीला घालणारी घरे उच्चशिक्षितही असतात.

घाईगर्दीच्या संसारात सर्वांत मोठी किंमत मोजतो तो मात्र शांत मुलगा किंवा शांत मुलगी. ‘रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही’ या म्हणीची आठवण करून देणारा एक अभ्यास आहे. मार्टेन डीव्ह्रीस हे संशोधक १९७४ च्या सुमारास केनियातील मसाई जमातीत बाळांच्या स्वभावाची पाहणी करत होते. त्या वेळी तेथे भीषण दुष्काळ होता. काही महिन्यांनी ते परतले, तेव्हा ‘सोप्या’ बाळांपैकी बरीच दगावली होती आणि किरकिरी, ‘अवघड’ बाळे जगण्याचे प्रमाण अधिक होते. बाळांची संख्या इतकी कमी होती की त्यावरून सिद्धान्त मांडणे योग्य नाही. पण जे मूल मागते त्याला मिळते, ही गोष्ट दुष्काळाशिवायही खरी आहे. कार्यालयातून सात-साडेसातला परतलेल्या आईवडिलांकडे उरलेले दोन तास कोणाकडे जातात? जे मूल पाण्याची बाटली फेकते, गृहपाठावरून आकांत करते, त्याच्याकडे. दुसरे आपले दप्तर भरून कोपऱ्यात चित्र काढत बसलेले असते. त्याला ‘त्रास नाही’ म्हणून पालक निर्धास्त असतात. शाळेत कोणी आठवडाभर त्याचा डबा खात होते, हे मग एखाद्या रविवारी अचानक कळते.

अशा मुलाला ‘आज शाळेत काय झाले?’ असे समोर बसवून विचारल्यास ‘काही नाही’ हेच उत्तर मिळते. मटार सोलताना, कपड्यांच्या घड्या घालताना, स्कूटरवर मागे बसून क्लासला जाताना, म्हणजे डोळ्याला डोळा न भिडता, ते अधिक बोलते. बोलायला लागल्यावर धाकटीने मध्येच तोंड घातले, तर तिला थांबवणे हे पालकाचे काम आहे. बोलके भावंड बऱ्याचदा अबोल भावंडाचा दुभाषी होऊन बसते : ‘त्याला ना, भूक लागलीये.’ हे गोड वाटते, पण त्यामुळे त्याची बोलण्याची गरजच संपते.

सकाळचे दीड तास

दोन स्वभावांची खरी टक्कर होते ती सकाळी. शाळेची व्हॅन पावणेसातला फाटकाशी, आईची आठ-पाचची लोकल, गॅसवर पोळ्या, नळाला पाणी जाण्याच्या बेतात. याच वेळी हळूहळू रुळणाऱ्या मुलाला झोपेतून जागे होऊन माणसांत यायला वीस मिनिटे हवी असतात आणि चपळ मूल तेवढ्यात एक बूट हरवून बसते. दोघांना एकाच वेळी, एकाच आवाजात हाक मारण्याची पद्धत येथे अपयशी ठरते. हळू मुलाला वीस मिनिटे आधी उठवावे, निवड करण्याच्या गोष्टी (कोणता रुमाल, डब्यात काय) रात्रीच संपवाव्यात. चपळ मुलाला एका वेळी एकच काम सांगावे आणि ते झाले की नजरेसमोरच दुसरे द्यावे. ‘आवर लवकर’ या दोन शब्दांतून त्याला काहीच बोध होत नाही. बदल आवडत नसलेल्या मुलाला ‘आज बाबा सोडणार नाहीत, आजोबा येतील’ हे आदल्या रात्री सांगितले, तर दारातला अर्धा गोंधळ कमी होतो.

हे सारे कोणी करायचे, हा प्रश्न टाळून पालकत्वावर लिहिणे अप्रामाणिक ठरेल. केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर पुरुष ८८ मिनिटे, असे आढळले. १५ ते ५९ वयोगटात घरातील मुलांची व इतरांची काळजी घेण्यात ४१ टक्के स्त्रियांचा सहभाग होता, पुरुषांचा २१.४ टक्के. दोन मुलांना दोन तऱ्हांनी हाताळायचे, तर दोन माणसे हवीत. एकट्या आईवर ते सोपवले की ती नाइलाजाने दोघांना एकच नियम लावते आणि तो नियम बहुधा शांत मुलाच्याच अंगवळणी पडतो.

‘पण वेगवेगळे वागवले तर मुलांना पक्षपात वाटणार नाही का?’ अशी शंका पालक घेतात. या बाबतीत अमांडा कोवल आणि लॉरी क्रेमर यांचा १९९७ मधील अभ्यास बोलका आहे. त्यांनी ११ ते १३ वर्षांच्या मुलांना आईवडील भावंडांमध्ये कोठे फरक करतात, हे विचारले. मुलांनी फरक दाखवले. पण त्यांतील बहुतेक त्यांना अन्यायाचे वाटत नव्हते. भावंड लहान आहे, त्याला ती गरज आहे, हे कारण त्यांना ठाऊक होते. मुलांना खुपते ते कारण न कळलेले अंतर. अंधाराला घाबरणाऱ्या बहिणीजवळ आई रात्री बसते, हे भावाला एकदा सांगितले आणि त्याच्यासाठी झोपताना दहा मिनिटे राखून ठेवली, तर तो हिशेब मागत नाही. आंबा मात्र समान कापावा. खाऊच्या बाबतीत कोणतेही संशोधन उपयोगी पडत नाही.

भांडणांविषयी मतभेद आहेत. मुलांनी आपले आपण निस्तरावे, असे सांगणारा एक पंथ आहे. वय आणि ताकद बरोबरीची असेल तेव्हा तो सल्ला ठीक. पण तीन वर्षांच्या मुलीने किंवा मुळातच पड खाणाऱ्या भावाने ‘आपले आपण’ निस्तरले, तर जोरकस भावंड दर वेळी जिंकते आणि दोघेही चुकीचे शिकतात. अशा वेळी न्यायाधीश होऊन ‘सुरुवात कोणी केली’ याचा शोध घेण्यापेक्षा, दोघांचे म्हणणे पाळीपाळीने ऐकून ते एकमेकांना सांगणे अधिक फलदायी. हात उगारला गेला असेल, तर आधी तो थांबवावा, चर्चा मागाहून.

आजी-आजोबा, पाळणाघरातील ताई आणि वर्गशिक्षिका यांनाही मुलाचा स्वभाव सांगून ठेवणे गरजेचे आहे. ‘तो पहिले पंधरा मिनिटे बोलणार नाही, त्याला बसू द्या’ एवढे एक वाक्य पुरते. लग्नकार्यात काकूंनी गाल ओढून ‘गाणे म्हण’ असा आग्रह धरला, तर ‘ती नंतर म्हणेल’ असे आईवडिलांनी पुढे होऊन म्हणावे. नमस्काराची सक्तीही जरा सैल सोडायला हरकत नाही. घरी सराव झाला की तो आपसूक होतो.

स्वभाव कोठे संपतो आणि उपचारांची गरज कोठे सुरू होते, हे पालकांना ठाऊक असायला हवे. वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द किंवा दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांचे अर्थपूर्ण वाक्य बोलत नसेल, तर ‘आमच्याकडे मुले उशिराच बोलतात’ म्हणून थांबू नये. घरी भरपूर बोलणारे मूल शाळेत महिन्याहून अधिक काळ एक अक्षरही काढत नसेल, तर तो निव्वळ बुजरेपणा नसू शकतो. अतिचंचलतेचे निदानही केवळ घरच्या धिंगाण्यावरून होत नाही. ती लक्षणे घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी, सहा महिन्यांहून अधिक काळ दिसावी लागतात. मुंबईत बालमार्गदर्शन केंद्राची सुरुवात १९३७ मध्ये, आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पूर्वीच्या संस्थेत झाली होती. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा पातळीवर त्वरित निदान व उपचार केंद्रे उभी राहिली. तेथे ही तपासणी विनामूल्य होते. जाताना वर्गशिक्षिकेकडून मुलाच्या वागण्याविषयी चार ओळी लिहून घ्याव्यात आणि शक्य असेल तर त्या दिवशी दुसऱ्या भावंडाला घरी ठेवावे. डॉक्टरांसमोर तुलना सुरू झाली की ज्याच्यासाठी गेलो ते मूल पुन्हा गप्प बसते.